सत्त्याऐंशीच्या गावातलं शहात्तरचं इंजिन

मी एक इंजिन आहे, धुराडं नसलेलं. म्हणजे धुराडं आहे, पण माझ्या डोक्यावर नाही. ते एका सरकारी फायलीत, पान एक्केचाळीसच्या मागे, टाचणीने टोचलेल्या पाकिटात आहे. माणसांच्या सह्या फायलीत राहतात, शिक्के राहतात, कधीकधी उभी उमेदीची वर्षं राहतात. माझं धुराडं राहिलं. ते तिथे कसं गेलं, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं आहे.

माझा जन्म खेळण्यांच्या कारखान्यात झाला असं लोक म्हणतात. मला तो शब्द लागतो. खेळण्याला माप नसतं, मला आहे. खऱ्या इंजिनाच्या लांबीचे, रुंदीचे आणि उंचीचे शहात्तर-शहात्तर भाग करायचे आणि प्रत्येकातला एकेक घ्यायचा, की झालो मी. आमच्यात याला ‘शहात्तरास एक’ म्हणतात. पूर्ण अंग पसरलं तरी मी तुमच्या एका वितीत बसतो.

आमच्यातच दुसरं घराणं आहे, सत्त्याऐंशीचं. भाग जास्त, म्हणून ते अंगाने लहान. गंमत अशी की दोन्ही घराण्यांचे रूळ एकच. दोन पट्ट्यांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, त्यांचंही आणि आमचंही. फार पूर्वी, त्या काळच्या मोटारी लहान इंजिनांच्या पोटात मावेनात, तेव्हा कारखानदारांनी आमचं अंग वाढवलं आणि पाय होते तेवढेच ठेवले. चाळिशीनंतर माणसांचंही तेच होतं, फक्त त्यांना कुणी वेगळ्या घराण्याचं म्हणत नाही.

त्यामुळे नवशिका माणूस हमखास फसतो. इंजिन रुळावर बसलं, धावलं, म्हणजे मापाचं आहे असं तो धरून चालतो. मग ते स्टेशनाशेजारी उभं राहतं आणि फलाटावरचे प्रवासी इंजिनाशेजारी वीतभर खुजे दिसायला लागतात.

माझे पहिले मालक दंतवैद्य होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत माझा गोल रूळ होता. बटण दाबलं की मी पाच फेऱ्या मारायचो. दाढ धरून बसलेली माणसं बटण दाबायची आणि आतून कुणाचा आवाज आला की माझ्याकडे अधिकच टक लावून बघायची. भीती घालवण्यासाठी ठेवलेली वस्तू म्हणून माझी कारकीर्द वाईट नव्हती. पुढे मोटार अडकली. डॉक्टरांनी मला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिलं, दवाखाना बंद केला, मुलीकडे राहायला गेले आणि मला विसरले.

त्या दुकानात न नेलेल्या वस्तूंचं एक फडताळ होतं. त्यावर एक भिंतीचं घड्याळ, दोन मिक्सर, एक बहिऱ्या माणसाचं कानात घालायचं यंत्र आणि मी. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी, ‘शनिवारी नेतो’. असे दोनशे शनिवार मी तिथे मोजले.

दुकानाचे मालक पन्नाशीचे, एकटे. दुकानामागच्या खोलीत त्यांनी सत्त्याऐंशीचं गाव वसवलं होतं: स्टेशन, बोगदा, वळण, झाडं आणि एक धाकटं, देखणं, मापात बसणारं इंजिन. एक दिवस त्यांनी माझी मोटार मोकळी केली, घासलेले कार्बनचे तुकडे बदलले, तेलाचा थेंब दिला आणि मला त्या रुळावर ठेवलं. मी धावलो. बोगद्याशी आलो तेव्हा धुराडं कमानीला खटकन अडलं. मालक हसले, म्हणाले, “शहात्तरचं दिसतंय,” आणि मला मागच्या बाजूला, गोदामाआड उभं केलं. धाकटं इंजिन माझ्यासमोरून मुद्दाम हळू जायचं.

मालकांची मोठी बहीण, ताई, महिन्यातून एकदा यायची. खोलीत डोकावून म्हणायची, “काय स्टेशनमास्तर, आज किती गाड्या लेट?” भावाचे केस पिकले तरी झुकझुकगाडी सुटत नाही, याचं तिला दुःख होतं, आणि ते दुःख ती मोठ्या चवीने सांगायची. मालक एवढंच म्हणायचे, “ताई, रुळांना हात लावू नकोस.” हे वाक्य ती भाऊ सहा वर्षांचा असल्यापासून ऐकत होती.

इथे आमच्या विजेबद्दल दोन शब्द सांगतो, त्यांच्याशिवाय पुढचं समजणार नाही. वीज एका रुळातून येते, माझ्या चाकातून वर चढते, मोटार फिरवते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळात उतरते. चाकाच्या मध्ये प्लॅस्टिकचं कडं असतं. ते नसेल तर वीज मोटारीपर्यंत जायचे कष्ट घेणार नाही, चाकांना जोडणाऱ्या आसातूनच पलीकडे उतरेल. सोपी वाट दिसली की वीज अवघड वाटेने जात नाही. या बाबतीत तिचं आणि माणसांचं एकमत आहे. हे लक्षात असू द्या, कारण एका माणसाची एकतीस वर्षांची अब्रू पुढे याच गोष्टीला लटकणार आहे.

त्या माणसाला मालक ‘भावोजी’ म्हणत. ताईचे यजमान. गावाबाहेरच्या रेल्वे फाटकावर गेटमन, एकतीस वर्षं. बोलणं मोजकं, कपड्यांना कडक इस्त्री, छातीवर पितळी बिल्ला.

एका दुपारी ताई आली आणि स्टेशनमास्तर म्हणाली नाही. मालकांनी हातातली डाग देण्याची कांडी खाली ठेवली.

झालं होतं ते असं. पुढच्या पुलाच्या कामासाठी तो मार्ग नऊ दिवस बंद होता. दहाव्या दिवशी पहिलं वाहन आलं ते तपासणीचा एकच हलका डबा, स्वतःच्या यंत्रावर धावणारा. वाहन बोगद्यात शिरलं की फाटकाच्या खोलीत घंटी वाजते, घंटी वाजली की गेटमन फाटक लावतो, हा नियम. फाटक उघडं होतं. विटांची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर रुळांवर होता. ट्रॅक्टरवाल्याने उडी टाकली, त्याचं गळ्याचं हाड मोडलं. ट्रॉलीचा चुराडा झाला आणि डबा रुळावरून उतरला.

त्याच दुपारी भावोजींना जबाबासाठी मोठ्या कचेरीत नेलं. दुसऱ्या दिवशी घंटी तपासली. तीस वेळा वाहन सोडलं, तीस वेळा वाजली. मग पत्र आलं: ‘कामावर असताना झोप लागल्याने’ वगैरे, आणि तीन आठवड्यांनी सुनावणी. सुनावणीत ते वाक्य कायम झालं तर नोकरी जाणार होती, निवृत्तीला दोन वर्षं असताना. पण भावोजींना बहुधा नोकरीपेक्षा त्या वाक्याचं जास्त लागलं होतं.

संध्याकाळी तेही आले. मालकांनी विचारलं. भावोजींनी उत्तर दिलं ते तीन वाक्यांत, आणि पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने, दिली: “मी जागा होतो. दिव्याची काच पुसत होतो. घंटी वाजली नाही.”

मालक म्हणाले चहा टाकतो. ते आत गेले आणि खोलीत नवरा-बायको दोघंच राहिले. आणि गोदामाआडून मी.

ताई म्हणाली, “अहो, एकदाच विचारते. डोळा लागला होता का?”

भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. टेबलावरचा आधीचा रिकामा कप उचलला, मोरीपाशी गेले आणि तो बराच वेळ विसळत राहिले. त्यानंतर त्या दोघांत बोलणं झालं ते डबा, किल्ली आणि औषध याबद्दल.

मालकांना तीन दिवसांनी सुचलं, तेही माझ्यामुळे नाही, धाकट्यामुळे. बरेच दिवस गाड्या चालवल्या नव्हत्या. धाकटं रुळावर ठेवलं तर जागचं हलेना. मालकांनी रुळावरून बोट फिरवलं, बोटाला तांबूस भुकटी लागली. गंज. माझे मालक जुन्या वळणाचे, त्यांचे रूळ पोलादी. चाक आणि रूळ यांच्यामध्ये गंजाचा पातळ पापुद्रा आला की विजेची वाट बंद. मालक बोटाकडे बघत उभे राहिले, मग तसेच चपला घालून बहिणीकडे गेले.

खरी घंटीही रुळांमधल्या विजेवरच चालते. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला विजेचा चुंबक. वीज रुळांतून जात असते तोवर चुंबक एक कळ धरून ठेवतो आणि घंटी गप्प राहते. वाहन आलं की त्याची लोखंडी चाकं दोन्ही रूळ जोडतात, विजेला सोपी वाट मिळते, ती चुंबकापर्यंत जातच नाही. चुंबक कळ सोडतो, घंटी वाजते. आता रुळावर नऊ दिवसांचा गंज असेल आणि वरून जाणारा डबा हलका असेल, तर चाकं रूळ जोडणार कशी? डबा विजेला दिसणारच नाही. बिनआवाजी निघून जाईल.

“हे तोंडी सांगून साहेब ऐकणार नाहीत,” मालक म्हणाले. “दाखवावं लागेल.”

म्हणून फळी आली. त्यावर मालकांनी भावोजींचं फाटक सत्त्याऐंशीस एक या मापाने उभं केलं. भावोजी एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर उंच, म्हणून फाटकाशी बरोबर दोन सेंटिमीटरचा मातीचा गेटमन. भावोजींनी तो चष्मा लावून पाहिला आणि बिल्ला राहिला म्हणाले. मालकांनी सुईच्या टोकाने पिवळा ठिपका दिला. ताईने विचारलं, बोगदा ते फाटक अंतर एवढंसं का? मालकांनी समजावलं की खऱ्या दोनशे साठ मीटरचे सत्त्याऐंशीत तीन मीटर होतात, आणि तीन मीटरची फळी कचेरीच्या जिन्यात वळत नाही. म्हणून अंतर आखडलं आहे आणि तसं फळीवर लिहिलं आहे. ताई म्हणाली, “म्हणजे तुमच्यातही कागदोपत्री चालतं.”

अडचण निघाली ती वेगळीच. रुळांतली वीज आता फळीवर बसवलेल्या दाराच्या जुन्या घंटीला दिली. मग इंजिनाने धावायचं कशावर? त्याच्या पोटात बॅटरी हवी. मालकांनी धाकट्याचं झाकण उघडलं, बॅटरी आडवी धरली, उभी धरली, तिरकी धरली. ती काही मावेना. मग त्यांचे डोळे गोदामाकडे वळले.

माझं पोट उघडलं तेव्हा मला इतक्या वर्षांत प्रथमच त्याची लाज वाटली नाही. आतलं शिशाचं वजन काढलं, तिथे बॅटरी अलगद बसली. चाकांची प्लॅस्टिकची कडी काढून साधी पितळी चाकं लावली, म्हणजे मी दोन्ही रूळ जोडू शकेन. खाली एक बारीक खटका. तो पुढे केला की मी सुटणार, एकाच वेगाने, आणि हाताने उचलेपर्यंत थांबणार नाही. बोगद्याची कमान मात्र सत्त्याऐंशीची. तिथे माझं धुराडं अडतं, म्हणून मला बोगद्याच्या अलीकडे, वळणावरूनच सोडायचं ठरलं.

मालकांनी सगळ्या रुळांवर, अगदी बोगद्यातही, मिठाचं पाणी शिंपडलं आणि आठ दिवस फळी झाकून ठेवली. मग तांबूस रुळावर मला सोडलं. मी वळण घेतलं, झाडं मागे टाकली, फाटकातून गेलो. घंटी गप्प. पुन्हा सोडलं, पुन्हा गप्प. भावोजी त्या दोन सेंटिमीटरच्या गेटमनकडे बघत होते. “असंच आलं होतं,” ते म्हणाले. तीन वाक्यांत हे चौथं.

ताईने विचारलं, “आणि ते म्हणाले, मग दुसऱ्या दिवशी तीसदा कशी वाजली, तर?”

मालकांनी झाकण लावता लावता सांगितलं की बघू, विचारलं तर.

“विचारणारच,” ताई म्हणाली. “मी विचारलं असतं.”

या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. एका दिवसात गंज जातो कुठे?

सुनावणीच्या दिवशी फळी टेम्पोतून आली आणि कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर ठेवली. मी वळणावर उभा. मालक आणि भावोजी आत सह्या करायला गेले. ताईला राखणीला बसवलं होतं.

ताईने आधी पिशवीतून पितळ उजळायची पेस्ट आणि जुन्या बनियनचं फडकं काढून भावोजींचा जुना, जादा बिल्ला घासला. मग तिची नजर फळीवर गेली.

तुम्ही तिची बाजू समजून घ्या. एकतीस वर्षांत ती एकच गोष्ट शिकली होती: साहेब तपासणीला येणार म्हटलं की सगळं पुसायचं. दिवे, कंदील, खिडक्यांच्या कड्या, पाण्याच्या पिंपाचा नळ. गंजाचा ठिपका दिसला तर साहेब काय म्हणतील? माणूस गलथान आहे. गलथान आहे म्हणजे झोपलाही असेल. आणि इथे नवऱ्याच्या नावाच्या फळीवर हे लाल भडक रूळ. भाऊ म्हणाला होता हात लावू नकोस, पण तो जन्मभर तेच म्हणत आला होता.

तिने फडक्याला पेस्ट लावली आणि रूळ घासायला घेतले.

मी बघत होतो. मला ओरडता येत नाही, हात नाही, खटका बंद. तिचं फडकं फाटकापासून निघालं, वळणाकडे सरकलं. रूळ चांदीसारखे चमकायला लागले. माझ्यापाशी आली तेव्हा तिने मला हळूच उचललं, माझ्या खालचं पुसलं, माझी चाकंही पुसली आणि होतं तिथे ठेवलं. बोगद्याशी थांबली. दोन बोटं आत घालून पाहिली, पण सत्त्याऐंशीच्या बोगद्यात हातभर बांगड्यांचा हात जात नाही. तेवढं राहिलं. तिने समाधानाने फडकं घडी करून पिशवीत टाकलं. एवढ्यात शिपाई आला, “आणा ती फळी.”

आत तीन माणसं होती. मधोमध मोठे साहेब, चौकशीचे. जुने नकाशाकार असावेत, खिशात फुटपट्टी. डावीकडे घंटी विभागाचे अभियंते, ज्यांनी तीसदा घंटी वाजवली होती. त्यांना पुढे आपण घंटीसाहेब म्हणू. उजवीकडे कारकून, फायलीचे बंद सोडत. ताई दाराशी उभी राहिली.

फळी खिडकीच्या उजेडाकडे पाठ करून ठेवली होती. मालक घाईत तारा जोडत होते, त्यांना रूळ नीट दिसले नाहीत.

मोठ्या साहेबांनी पट्टी काढली. फळीवरच्या फाटकाच्या खोलीचा दरवाजा मोजला, गेटमन मोजला, मान हलवली. मग माझा दरवाजा मोजला आणि थांबले. “या इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला, तर तुमच्या गेटमनपेक्षा वीतभर उंच असेल,” ते म्हणाले.

घंटीसाहेब हसले. खेळणंच ते, असं काहीसं पुटपुटले. मालकांचे कान लाल झाले. पण त्यांनी सरळ सांगितलं की गाव सत्त्याऐंशीचं आहे, इंजिन शहात्तरचं आहे, ते ठाऊक असून आणलं आहे, कारण बॅटरीला पोट लागतं.

मोठ्या साहेबांनी पट्टी खिशात ठेवली. “गंजाला प्रमाण नसतं. चालवा.”

मालकांनी माझा खटका पुढे केला.

घंटी वाजली.

पहिल्याच इंचाला वाजली. मी वळण घेतलं, फाटक ओलांडलं, ती वाजतच होती. ती दाराची जुनी घंटी, तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा होता. मालकांनी मला उचललं, परत ठेवलं, पुन्हा सोडलं. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा त्यांनी मला घाईने तिरकं ठेवलं. मी रुळावरून घसरलो आणि तरी घंटी वाजलीच.

घंटीसाहेबांनी खुर्चीत मागे रेलून कारकुनाला सांगितलं की तीसमध्ये आणखी तीन मिळवा. भावोजी भिंतीपाशी उभे होते. ते आपल्या बुटांकडे बघू लागले. एकतीस वर्षांत ते साहेबांसमोर बुटांकडे बघून उभे राहिले नसतील.

मालक फळीवर वाकले. डोळा रुळाच्या रेषेत आणला. मग हळूहळू वळून दाराकडे पाहिलं.

“ताई,” ते म्हणाले, “रूळ कुणी पुसले?”

ताईला काही क्षण कळलं नाही. मग कळलं. तिचा चेहरा उतरला. पण ती खोटं बोलली नाही, आणि मान खाली घालून बोलली नाही. “मी. मघाशी बाहेर. साहेब बघणार म्हणून. काल याच रुळांवर घंटी वाजत नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.”

घंटीसाहेब म्हणाले की असं काल काहीही होत असतं, कागदावर काय आहे ते बघावं. कारकुनाने लिहिण्यासाठी टाक उचलला. मला वाटलं, संपलं.

पण ताई पुढे आली. तिला बसा म्हटलं नव्हतं, बोला म्हटलं नव्हतं. ती टेबलापाशी आली आणि मोठ्या साहेबांना म्हणाली, “मी पुसले म्हणून ही वाजली. मग त्या दिवशी रात्रीतून तुमचे रूळ कुणी पुसले?”

मोठ्या साहेबांनी कारकुनाकडे हात केला. “अपघातानंतर त्या मार्गावरून काय काय गेलं? नोंद वाचा.”

कारकुनाने पानं उलटली आणि वाचलं. मदतगाडी, क्रेनसह, बोगद्याकडून येताना. मदतगाडी, परत जाताना. पुन्हा येताना. पुन्हा जाताना. त्यानंतर सकाळी अकराला घंटीची चाचणी.

क्रेनची गाडी. शेकडो टनांची, रुळांवरचा गंज चाकांखाली घासून नेणारी. चार वेळा. भावोजींना ते माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांना तोवर कचेरीत बसवलं होतं. ज्यांना माहीत होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पान फायलीत सुखाने बसलं होतं.

घंटीसाहेबांचा आवाज जरा बदलला. ते म्हणाले की हा तर्क झाला. गंजलेल्या रुळावर घंटी गप्प राहते हे आज इथे कुणी पाहिलेलं नाही. आणि हे म्हणणं बरोबरच होतं. मोठ्या साहेबांनी मालकांना विचारलं, न पुसलेला रूळ फळीवर कुठे आहे का? अहवाल आजच द्यायचा होता.

मालक म्हणाले, “बोगद्यात.” आणि माझ्याकडे पाहिलं.

त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. धुराडं अडणार. खटका पुढे केला की मला थांबता येत नाही. अडून राहिलो तर मोटार जळणार. आणि आत कुठे तरी रुतलो तर घंटीसाहेब म्हणणार, हलतच नाही ते, घंटी वाजणार कशी?

मालकांनी मला बोगद्यामागच्या, घंटीची वीज नसलेल्या तुकड्यावर ठेवलं आणि सोडलं.

कमानीशी धुराडं अडलं. चाकं जागच्या जागी फिरू लागली. पोटातली बॅटरी तापायला लागली, मोटारीचा आवाज चिरका झाला, जळका वास सुटला. मालकांनी मला उचलायला हात पुढे केला.

“थांब,” भावोजी म्हणाले. “जोर लावतोय तो.”

मालकांचा हात हवेत राहिला. मी किती वेळ तसा होतो सांगता येत नाही. मग डोक्यात काहीतरी कडकन मोडलं. धुराडं उडालं, टेबलावर टप्पा घेऊन मोठ्या साहेबांच्या कागदांवर पडलं, आणि मी आत गेलो.

आत अंधार होता आणि रुळावर गंज. मी चालत होतो. माझा आवाज मला ऐकू येत होता, म्हणजे त्यांनाही येत असणार. घंटी ऐकू येत नव्हती. बाहेर घंटीसाहेब म्हणाले, “अडकलं.”

मी दुसऱ्या तोंडातून बाहेर आलो. पुढची चाकं पुसलेल्या रुळाला लागली आणि त्याच क्षणी घंटी कडाडली.

मोठ्या साहेबांनी तीच गोष्ट आणखी दोनदा करायला लावली. आता धुराडं नसल्याने काम सोपं होतं. आत गप्प, बाहेर घंटी. आत गप्प, बाहेर घंटी. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचा कान बोगद्याला लावला. मग पट्टी काढून माझं मोडकं धुराडं मोजलं, का ते त्यांनाच ठाऊक, आणि कारकुनाला म्हणाले, “हे फायलीला जोडा.”

अहवालाची भाषा अहवालासारखीच निघाली. ‘घंटी न वाजण्याची शक्यता नाकारता येत नाही. गेटमन निद्रिस्त असल्याचा पुरावा आढळत नाही.’ शेवटी एक ओळ: मार्ग बंद राहिल्यानंतर प्रथम जड इंजिन सोडावे. घंटीसाहेबांनी त्यावर सही केली आणि जाता जाता मालकांना विचारलं, ती बॅटरी कुठे मिळते.

व्हरांड्यात ताई भावोजींपुढे उभी राहिली. तिला त्या संध्याकाळबद्दल काहीतरी बोलायचं होतं, हे मला टेम्पोत चढवलेल्या फळीवरूनही दिसत होतं. भावोजींनी तिच्या हातातून पिशवी घेतली. “बिल्ला छान घासलास,” ते म्हणाले. ताईने पदराने डोळे पुसले. त्या दिवशी पुसण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं.

आता मी फाटकाच्या खोलीत, खिडकीत असतो. मालकांनी नवं धुराडं बसवतो म्हटलं होतं. भावोजी नको म्हणाले. घंटी वाजली की ते फाटक लावतात आणि परत येताना एकदा माझ्याकडे बघतात. माझं पोट आता रिकामं आहे, रूळ नाही, गाव नाही, कुणाच्या मापात बसायचं नाही. इथून मला खरी इंजिनं दिसतात. ती कुठल्याही प्रमाणाची नाहीत, ती जेवढी आहेत तेवढीच आहेत, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही.

एकच मागणं आहे. कुणी तुम्हाला तीन वाक्यांत काही सांगितलं आणि तुमच्या कागदात त्याच्या उलट निघालं, तर निकाल देण्याआधी विचारा, मधल्या वेळात रूळ कुणी पुसले.

ताई डबा घेऊन येते, खिडक्या पुसते, दिव्याची काच पुसते. माझ्यापाशी आली की फडकं हातात धरून थांबते.

“याला पुसू का?” ती विचारते.

“राहू दे,” भावोजी म्हणतात.

आणि ती राहू देते. माझ्यावर बोटभर धूळ आहे. या खोलीत एवढी एकच धूळ आहे, आणि ती विचारून ठेवलेली आहे.